आपसूक काही घडत नाही

उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्ताची गोष्ट आहे. पोलासपूरचा हा धनवान कुंभार आजीवक मताचा होता. सगळं नियतीनं ठरलेलं, माणसाच्या श्रमानं काही होत नाही, असं तो मानायचा. एकदा त्याची मडकी उन्हात वाळत होती. भगवान महावीरांनी विचारलं, ही श्रमानं झाली की श्रमावाचून? तो म्हणाला, श्रमावाचून. मग कुणी ती चोरली, फोडली तर? तर मी त्याला शिक्षा करीन, असं तो बोलून गेला आणि अडकला. सगळं नियतीचंच, तर शिक्षा कुणाला करायची? त्याला ते पटलं आणि तो श्रावक झाला.

आमच्या बडोद्याच्या ज्योत्स्नाबेन भट्ट यांची मातीची कामं पाहताना मला हाच प्रश्न आठवतो. त्यांचा जन्म १९४० साली कच्छमधल्या मांडवीचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये काही काळ शिकून त्या बडोद्याच्या विद्यापीठात आल्या. शंखो चौधरींकडे त्या शिल्पकला शिकल्या, पण मन रमलं मातीकामात. साठच्या दशकात त्यांनी अमेरिकेत ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत सिरॅमिक्सचं शिक्षण घेतलं. मग १९७२पासून तीस वर्षं इथल्याच ललित कला विभागात शिकवलं.

दगडाच्या पुतळ्याला कला म्हणायचं आणि वाडग्याला भांडं, ही उतरंड आपल्याकडे जुनीच. ज्योत्स्नाबेन शिल्पकला शिकूनही थाळ्या, वाडगे, मांजरी, घुबडं, पक्षी, कमळाच्या कळ्या घडवत राहिल्या. त्यांची मांजर अंग चोरून बसलेली. तपशील थोडे, पण बसणं अगदी मांजराचं. चकचकीत झिलईपेक्षा मंद, साटिनसारखी झिलई त्यांना आवडे. निळसर-हिरवे, शेवाळी रंग आवडत.

हे साधं दिसतं, पण साधं नसतं. स्टोनवेअरची माती बाराशे अंशांच्या वर भाजावी लागते. वाळताना आणि भाजताना ती आकसते. जाडी सारखी नसली तर तडकते. कच्ची झिलई लावताना तिचा खरा रंग दिसतच नाही. प्रमाण जरा चुकलं, आच जरा कमी-जास्त झाली, की रंग बदलतो. एकदा भट्टीचं दार बंद झालं की हात आत पोचत नाही. म्हणून सगळा श्रम आधीच करायचा. चाचण्या घ्यायच्या, लिहून ठेवायचं, पुन्हा करायचं.

आपण बायका मात्र कुणाची पोळी मऊ झाली, कुणाची रांगोळी रेखीव आली, की पटकन म्हणतो, ‘तिच्या हाताला देणगीच आहे.’ कौतुकच ते, पण आजीवकांच्या मताचं. वर्षानुवर्षांचा सराव त्यात पुसला जातो. ज्योत्स्नाबेन २०२०मध्ये गेल्या. त्यांच्यासाठीही ‘उपजत’ हा शब्द कुणी सहज वापरील. तेव्हा त्या तीस वर्षांचा हिशोब जरूर विचारावा. आणि घरातल्या पोळीचाही.