सालीबरोबर गेलेला सॅलॅमँडर

बेडूक झाडावरून तरंगत उतरतो, ही गोष्ट शास्त्रात आली ती एका मजुरामुळे. 1855 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस बोर्निओतील सिमुंजोनच्या कोळसाखाणींजवळ कीटक गोळा करत होते. तिथल्या एका चिनी मजुराने त्यांना मोठा बेडूक आणून दिला. तो उंच झाडावरून तिरका, जणू उडतच खाली आला, असे त्याने सांगितले. वॉलेस यांनी ते उड्डाण पाहिले नव्हते. त्यांनी पडदे मोजले: चार इंची बेडकाच्या चारही पायांचे ताणलेले पडदे सुमारे 12 चौरस इंच भरले. 1869 मध्ये हे वर्णन त्यांच्या ‘द मलाय आर्किपेलॅगो’त छापले गेले.

झाडावरच्या सॅलॅमँडरला, म्हणजे बेडकासारख्याच पण शेपूट असलेल्या उभयचराला, असा साक्षीदार लवकर लाभला नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचा ‘भटका सॅलॅमँडर’ रेडवूड वृक्षांवर, कधी 80 मीटरहून उंच, फांद्यांवर साचलेल्या नेच्यांच्या गाद्यांत राहतो. त्याला फुप्फुसे नाहीत; तो कातडीने श्वास घेतो. अंडी ओलसर पोकळीत घातली जातात आणि त्यांतून थेट चार पायांची पिल्ले निघतात. बहुतेक बेडकांचे तसे नाही. आंबोलीच्या जंगलातला उडता मलबारी बेडूकसुद्धा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो, कारण पिल्लांना खाली पाणी लागते.

पाण्यावाचून अडत नसल्यानेच बहुधा सॅलॅमँडरला जहाजातून प्रवास घडला. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी टॅनओकच्या सालीला मोठी मागणी होती. झाड पाडायचे, साल सोलायची आणि उघडे खोड तिथेच कुजत टाकायचे, असा तो उधळा धंदा. ही साल कॅलिफोर्नियातून कॅनडातील व्हँकुव्हर बेटापर्यंत जाई. आज हा सॅलॅमँडर त्या बेटावर आहे. मधल्या ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत मात्र नाही. दोन्हीकडच्या प्राण्यांतील आनुवंशिक साम्य पाहता तो सालीच्या ढिगांतून गेला असावा, हा संशोधकांचा तर्क पटण्याजोगा आहे. ही वेगळी जात असल्याचेही 1990 च्या दशकाअखेरीसच ठरले.

त्याचे हवेतले कसब तर 2022 मध्ये सिद्ध झाले. उभ्या वातबोगद्यात सोडलेल्या सॅलॅमँडरांनी पाय पसरले, शेपूट हलवून अंग सावरले आणि पडण्याचा वेग सुमारे 10 टक्क्यांपर्यंत कमी केला, तेही पायांना बेडकासारखे पडदे नसताना.