कॅपाडोशियातील आश्रयस्थाने : एका शब्दाची साक्ष

मध्य अनातोलियातील कॅपाडोशियाची भूमी एर्जियेस, हसन इत्यादी ज्वालामुखींच्या राखेतून घडली. आपली लेणी कठीण बेसाल्टात कोरलेली. तेथील राखखडक मात्र इतका मऊ, की सामान्य शेतकऱ्यानेही त्यात घर, कोठार, तबेला खोदावा. अशा वस्तीचा इतिहास राजलेखांत शोधणे फारसे फलदायी नाही. (दरायसच्या बेहिस्तून लेखात 'कत्पतुक' हे प्रदेशनाम येते, एवढेच.) रहिवाशांची बोली अधिक सांगते. आर. एम. डॉकिन्स यांनी १९०९ ते १९११ या काळात येथील ग्रीक बोलींची पाहणी केली. जमिनीखालील दालनांना लोक 'काताफीगिया', म्हणजे आश्रयस्थाने, म्हणत. आणि तो शब्द तेव्हाही निव्वळ अवशेषरूप नव्हता. १९०९ मध्ये अदाना येथील कत्तलीची वार्ता येताच आक्सो गावचे बरेचसे लोक याच दालनांत उतरले, अशी नोंद डॉकिन्स करतात. १९२३ च्या करारान्वये झालेली लोकसंख्येची अदलाबदल भाषेवर नव्हे, धर्मावर आधारलेली होती; त्यामुळे तुर्की बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनाही ग्रीसला जावे लागले. दालने मागे राहिली. तुर्कीच्या धर्तीवर नामे चालविणारी ती ग्रीक बोली पुढे नामशेष मानली गेली. पण २००५ मध्ये ग्रीसमध्ये तिचे भाषक आढळले.