आठ ठोकळे

मी शिक्षकी पेशात आलो तेव्हा फ्रोबेल म्हणजे परीक्षेतली एक टीप होती. ‘बालोद्यान पद्धतीचा जनक’ असे लिहिले की गुण मिळत. या माणसाने आठ लाकडी ठोकळ्यांत काय भरून ठेवले होते, ते मात्र निवृत्तीनंतर सवडीने वाचताना कळले.

फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) हा जर्मन शिक्षक. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केले. १८४० मध्ये त्याला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. मुलांसाठी त्याने खेळण्यांचे संच केले. त्यांना तो ‘भेट’ म्हणे. पहिली भेट लोकरीच्या चेंडूंची. तिसरी मला सर्वांत आवडते. एका पेटीत लाकडाचा घन. लांबी, रुंदी आणि उंचीत एकेकदा कापलेला, म्हणजे आठ सारखे ठोकळे. पेटी उपडी ठेवायची, झाकण सरकवून काढायचे आणि पेटी अलगद उचलायची. मुलासमोर आधी अख्खा घन येतो, तुकडे नंतर.

मग मूल त्यांची खुर्ची करते, जिना करते, मनात येईल ते करते. अट एकच, आठही ठोकळे वापरायचे. एकही बाजूला टाकायचा नाही. त्याच ठोकळ्यांचे पुढे दोन सारखे भाग होतात, मग चार, मग आठ. अर्धा, पाव हे शब्द कानावर येण्याआधी हाताला कळलेले असतात. शेवटी सगळे परत पेटीत, पुन्हा एक घन. खुर्ची आणि अपूर्णांक यांच्यामध्ये फ्रोबेलने भिंत घातलीच नाही.

गंमत म्हणजे हा खेळ सरकारला धोक्याचा वाटला! १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लिखाणावरून हा घोटाळा झाला होता. फ्रोबेलने खुलासे केले, उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी तो गेला. बंदी उठली १८६० मध्ये.

त्या मंत्र्याला नावे ठेवताना मला माझाच पहिलीचा वर्ग आठवतो. बेरजेसाठी चिंचोके वाटले होते. एका मुलाने त्यांची एसटी केली. मागे दोन-दोनच्या रांगा, पुढे एकटा ड्रायव्हर. मी म्हणालो, “खेळ पुरे, आता गणित.” आणि हाताने ती एसटी विस्कटली.

दोन-दोनच्या जोड्या आणि वर उरलेला एक. विषम संख्या त्याने माझ्यासमोर मांडून ठेवली होती. “पुढच्या थांब्यावर किती उतरले रे?” एवढेच विचारले असते, तर वजाबाकीही त्याच गाडीत बसली असती.

त्या मुलाने नंतर निमूटपणे चिंचोके मोजले. उत्तर बरोबर आले. मी पाटीवर बरोबरची खूण केली.