निम्मे वेतन

श्रोतेहो, बारडोली म्हटले की १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल यांची आठवण होते. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या, आज गुजरातेत असलेल्या या तालुक्याचा शेतसारा सरकारने सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला आणि शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीने ती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. एवढा इतिहास शाळेतील मुलेही सांगतात. त्या विजयाची किंमत घरातल्या बाईने कशी मोजली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जप्तीवाले म्हशी ओढून नेत, म्हणून कित्येक कुटुंबांनी गुरांसह स्वतःला दाराआड कोंडून घेतले. त्या कोंदट अंधारात चूल पेटविणे, पोरे सांभाळणे आणि गुरे जगविणे हे काम बहुतेक बायकांचेच होते. पुढे १९३० मध्ये पुन्हा सारा नाकारला गेला, तेव्हा अनेक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या बडोदे संस्थानात गेली. पुरुष तुरुंगात गेला म्हणजे संसाराचा भार पत्नीच्या शिरावर येई. तिच्या शिक्षेची नोंद मात्र कोणत्याही तुरुंगाच्या दप्तरात होत नसे.

स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हा, १९७२ मध्ये, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. १९८० मध्ये त्यास ‘सन्मान’ हे नाव मिळाले आणि उत्पन्नाची अट गेली. सामान्यतः ६ महिन्यांचा तुरुंगवास ही पात्रतेची मुख्य कसोटी ठरली. सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेचाही हक्क मान्य झाला. हे वेतन मृत पतीच्या नावाने घातलेली भिक्षा आहे, की तिचे स्वतःचे देणे आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १६५९ मध्ये अफजलखानाशी झालेल्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी पडलेल्या शिपायांच्या मुलांचे पालन केले, आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. धनी गेला तरी राज्याचे देणे संपत नाही, हा विचार त्यामागे होता.

आजच्या कायद्याला तेथवर पोहोचण्यास बराच काळ लागला. केंद्र सरकारच्या नोकरांच्या कुटुंबांसाठी १९६४ मध्ये कुटुंब-निवृत्तिवेतन योजना आली. परंतु जुन्या नोकरांच्या विधवा तिच्याबाहेर राहिल्या. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितले की, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे. वगळलेल्या विधवांना १९८५ मध्ये पूनमल खटल्यात न्याय मिळाला. १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या भावाने मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की कुटुंब-निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नाही, म्हणून ते मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नाही. जे पतीला कोणास देऊन टाकता येत नाही, ते पत्नीचेच आहे.

हक्क मान्य झाला, तरी पुरावा उरतो. तुरुंगाची जुनी दप्तरे वाळवीने खाल्ली, सोबतचे कैदी एकेक करून निघून गेले, आणि अर्ज लिहिणारी बाई बहुधा निरक्षर. येथेही न्यायालयाने वाट मोकळी केली. १९९३ मध्ये त्याने सांगितले की, अर्जास उशीर झाला एवढ्यावरून सन्मान नाकारू नये. आणि २००१ मध्ये, फौजदारी खटल्याच्या कसोटीने पुरावा मागू नये, जे घडणे संभवनीय दिसते ते मान्य करावे.

श्रोतेहो, न्यायालयाने दार उघडले तरी उंबरठ्यापर्यंत कोणीतरी हात धरून न्यावे लागते. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर पत्नीचे नाव बिनचूक आहे ना, विवाहाचा दाखला जपून ठेवला आहे ना, हे पतीच्या हयातीतच पाहून ठेवावे. शेजारच्या वृद्ध विधवेचा अर्ज लिहून देण्यास शिकलेल्या माणसाची एक दुपार पुरते. म्हशींबरोबर अंधारात कोंडून राहिलेल्या त्या बायकांचे निम्मे वेतन आपल्या सर्वांकडे अजून थकलेले आहे.