झुकतें माप

घोड्यांच्या शर्यतींत चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन लादण्याची चाल आहे, हें मुंबई-पुण्याच्या वाचकांस निदान ऐकून तरी ठाऊक असतें. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत हेंच काम वजनाऐवजीं वेळेनें साधतात. पाण्यांत बुडालेली लांबी ज्या नौकेची अधिक, तिला स्वभावतःच अधिक वेग घेतां येतो. तेव्हां मोठ्या नौकेनें लहान नौकेस कांहीं मिनिटें सूट द्यावी, आणि ती सूट वजा करून ज्या नौकेचा वेळ कमी भरेल तिला विजयी ठरवावें, असा हा न्याय आहे. परंतु सूट किती, हें ठरविण्यापूर्वीं नौका केवढी, हें ठरविलें पाहिजे. वरवर पाहतां हा प्रश्न सुताराच्या गजानें सुटण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षांत त्याच्या उत्तरानें नौकांचें रूपच पालटलें, आणि प्रसंगीं माणसांचे प्राणहि घेतले.

२२ ऑगस्ट १८५१ रोजीं इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटाभोंवतीं झालेली शर्यत ‘अमेरिका’ नांवाच्या परदेशी नौकेनें जिंकली. आजहि प्रसिद्ध असलेल्या ‘अमेरिका कप’ची परंपरा येथूनच सुरू झाली. ‘अमेरिका’ सुमारें १७० टनांची, तर तिच्या मागून दुसरी आलेली ‘अरोरा’ अवघी ४७ टनांची. त्या दिवशींच्या शर्यतीस वेळेची सूट लागू नव्हती. ती असती, तर हा जगप्रसिद्ध विजय फारच थोडक्यावर येऊन ठेपला असता.

आतां हे टन आले कोठून? ते व्यापारी गलबतांवरून आले. जहाजांत मद्याचीं किती पिपें मावतात, यावरून पूर्वीं कर बसत असे. माल भरलेल्या जहाजाची खोली मोजणें अडचणीचें; म्हणून रुंदीचें अर्ध तीच खोली, असें गृहीत धरण्याचा प्रघात पडला. जकातीचा हा हिशेब थोड्या फेरफारानें शर्यतीच्या नौकांस लावण्यांत आला. १८५५ सालच्या ‘थेम्स’ पद्धतीप्रमाणें लांबींतून रुंदी वजा करावी, बाकीस रुंदीनें व पुन्हां अर्ध्या रुंदीनें गुणावें, आणि गुणाकारास ९४ नीं भागावें, म्हणजे टन निघत.

चाळीस फूट लांब व दहा फूट रुंद नौका घ्या. तिचे या रीतीनें सुमारें सोळा टन होतात. लांबी तीच ठेवून रुंदी सात फुटांवर आणली, तर साडेआठच टन भरतात. म्हणजे रुंदीवर दुहेरी कर, आणि खोली मात्र संपूर्ण माफ! नौका रचणाऱ्यांस अधिक सांगावें लागलें नाहीं. नौका वर्षानुवर्षें अरुंद आणि खोल होत चालल्या. अरुंद नौका वाऱ्यानें कलंडूं नये म्हणून तिच्या तळाशीं शिशाचे प्रचंड ठोकळे बसविण्यांत येऊं लागले. कडेवर उभी धरलेली फळी जशी दिसेल, तशी ही नौका दिसे, आणि लोकहि तिला त्याच नांवानें ओळखीत. ती लाटांवर चढण्याऐवजीं लाटांतून घुसे, आणि तिच्यावरील माणसें सदा भिजलेलीं असत.

१८८१ सालीं सूत्र बदललें: लांबी व रुंदी यांच्या बेरजेचा वर्ग करून त्यास रुंदीनें गुणावें व १७३० नीं भागावें. हेतु रोग बरा करण्याचा होता. परंतु रुंदीवरील कराचा जाच कायमच राहिला. विल्यम इव्हान्स पेटन या तरुण रचनाकारानें १८८६ सालीं ‘ऊना’ नांवाची नौका काढली. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी सुमारें ३४ फूट आणि रुंदी अवघी साडेपांच फूट. वाचकांनीं हिशेब करून पाहावा, उत्तर ४.९६ येतें, म्हणजे पांच टनांच्या वर्गांत ती अगदीं काठोकाठ बसे. नियमाचें इतकें तंतोतंत पालन क्वचितच कोणी केलें असेल. त्याच वर्षीं दक्षिण इंग्लंडमधून क्लाइड नदीकडे नेत असतांना वादळांत सांपडून ती आयर्लंडच्या मालाहाइड किनाऱ्याजवळ फुटली, आणि नौकेबरोबर स्वतः पेटनहि बुडाला.

पुढच्याच वर्षापासून इंग्लंडमध्यें डिक्सन केंप याची नवी पद्धत चालू झाली. तींत पाण्याच्या रेषेवरील लांबी आणि शिडांचें क्षेत्रफळ एवढेंच मोजावयाचें. रुंदी करमुक्त झाली. तिच्या अमलांत १८९३ सालीं जी. एल. वॉटसन यानें ‘ब्रिटानिया’सारखी सुडौल नौका निर्माण केली, व ती चाळीस वर्षांहून अधिक काळ शर्यतींत उतरत राहिली. परंतु लांबी मोजतात नौका उभी असतांना, आणि ती धांवते कलती होऊन! अमेरिकेंतहि लांबी अशीच मोजीत. तेव्हां नाळ व वरामा पाण्याबाहेर लांबच लांब काढावे. नौका कलली कीं ते पाण्यास टेकतात, आणि न मोजलेली लांबी फुकट पदरांत पडते. १९०३ सालच्या ‘रिलायन्स’मध्यें ही युक्ति शिगेस पोहोंचली. पाण्याच्या रेषेवर ती नव्वद फुटांच्या आंत, परंतु एकंदर लांबी १४० फुटांहून अधिक. तिनें कप राखला. पण त्या एका मोसमानंतर ती पुन्हां शर्यतीस उतरली नाहीं, आणि दहा वर्षांनीं मोडींत निघाली. तिचा कर्ता नॅथॅनिएल हेरेशॉफ हाच अशा नौकांना आळा घालणाऱ्या नव्या नियमाचाहि जनक होता. चोर आणि कोतवाल एकाच घरांत नांदल्याचें हें उदाहरण मौजेचें खरें. पण त्यांत आश्चर्य नाहीं. पळवाट कोठें आहे, हें तिच्यांतून गेलेल्यासच नेमकें ठाऊक असतें.

यांत रचनाकारांस दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं नियम मोडला नाहीं. नियमानें जें मागितलें तेंच दिलें. जें आपण मोजतों तें आखडतें, आणि जें मोजावयाचें राहतें तें वाढत जातें. परीक्षेच्या गुणांपासून सरकारी करापर्यंत हाच अनुभव येतो.

आज भूमध्य समुद्रांत जुन्या नौकांच्या शर्यती होतात. १९५० पूर्वींच्या नौकांचा गट वेगळा, आणि १९५० ते १९७५ मधील नौकांचा वेगळा. त्यांच्या वेळेचा हिशेब करतांना केवळ आकारच नव्हे, तर नौका मूळ रूपाशीं किती इमान राखून आहे, हेंहि जमेस धरतात; मूळ रचनेंत फेरफार केला कीं त्याचा दंड वेळेंत भरावा लागतो. एकेकाळीं ज्या मापानें नौकांचें रूप बिघडविलें, तेंच माप आतां त्यांचें रूप राखण्यास उभें आहे. माप झुकतें असणें हा दोष नव्हे, तें झुकण्यासाठींच असतें. तें कोणत्या बाजूस झुकवावें, एवढाच विवेक मोजणाऱ्यानें ठेवावयाचा आहे.