नद्यांच्या तहाचा वकील

पाटाच्या पाण्यावरून लागलेलें भांडण आज्यानें सुरू करावें आणि नातवानें पुढें चालवावें, हा अनुभव महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. परंतु भांडणारे जेव्हां दोन भाऊबंद नसून दोन राज्यें असतात, तेव्हां काय होतें? त्यांना कोर्टांत ओढलें तरी निकाल लागेपर्यंत नदी थांबणार आहे काय? या प्रश्नाला ज्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें, त्या डेल्फ कार्पेंटर नांवाच्या अमेरिकन वकिलाची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

कार्पेंटर यांचा जन्म १८७७ सालचा. गांव कोलोरॅडो राज्यांतील ग्रीली. हें गांव १८७० सालीं वसाहतवाल्यांनीं वसविलें व कॅश ला पूडर नदीच्या कालव्यांवर तें जगलें. पाऊस तेथें बेताचा. कालवा आटला कीं पीक गेलेंच. १८७४ च्या उन्हाळ्यांत नदीच्या वरच्या अंगास फोर्ट कॉलिन्सच्या लोकांनीं पाणी वळविलें आणि खालीं ग्रीलीचे कालवे कोरडे पडले. अशा तंट्यांतून 'जो आधीं पाणी वळवील त्याचा हक्क आधीं' हें तत्त्व त्या मुलखांत रुजलें, आणि १८७६ च्या राज्यघटनेंत त्यास स्थान मिळालें. शेतकऱ्याच्या घरांत वाढलेल्या कार्पेंटर यांस पाण्याचा कायदा प्रथम कळला तो पुस्तकांतून नव्हे, तर बांधावर.

१८९९ सालीं कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं ग्रीली येथेंच वकिली मांडली. १९०८ सालीं ते राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. त्यांची खरी कसोटी लागली ती लॅरामी नदीच्या खटल्यांत. ही नदी कोलोरॅडोंत उगम पावून वायोमिंग राज्यांत उतरते. ग्रीलीकडील कालवा-मंडळानें डोंगरांतून बोगदा खणून तिचें पाणी आपल्या बाजूस वळविण्याचा बेत केला, तेव्हां १९११ सालीं वायोमिंगनें थेट सर्वोच्च न्यायालयांत फिर्याद केली. आपल्या डोंगरांत उगवलेलें पाणी आपलें, असा कोलोरॅडोचा दावा होता, आणि तो मांडणाऱ्यांत कार्पेंटर अग्रभागीं होते. खटला तीन वेळां युक्तिवादास उभा राहिला व निकाल लागला तो ५ जून १९२२ रोजीं, म्हणजे अकरा वर्षांनीं. दोन्ही राज्यें आपापल्या घरीं 'आधीं वळविणाऱ्याचा हक्क आधीं' हेंच तत्त्व मानतात, तेव्हां सीमा ओलांडल्यानें तें बदलत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. बोगद्यासाठीं वर्षाला १५,५०० एकर-फूट पाणी मंजूर झालें. मागणीच्या मानानें तें थोडें होतें. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभें राहील इतकें पाणी म्हणजे एक एकर-फूट.

निकालाची वाट पाहतांना कार्पेंटर यांच्या मनांत एक गोष्ट पक्की ठसली होती. कोर्टांत एक जिंकतो व एक हरतो. नदी मात्र दोघांच्याही दारावरून वाहत राहते, आणि पुढच्या दुष्काळांत तोच वाद पुन्हां उभा राहतो. दुसरी भीति याहून मोठी होती. कोलोरॅडो नांवाच्याच महानदीच्या खोऱ्यांत सात राज्यें आहेत. त्यांपैकीं कॅलिफोर्निया झपाट्यानें वाढत होतें. पाणी आधीं वळविण्याची धमक त्याच्यापाशीं होती. वरचीं चार राज्यें डोंगराळ व विरळ वस्तीचीं. त्यांना गरज भासेपर्यंत पाणी उरणार कोठून? राज्यांनीं काँग्रेसच्या संमतीनें आपसांत करार करण्याची सोय अमेरिकन घटनेंत होती. सरहद्दीचे तंटे तिच्या आधारें मिटत. तीच सोय नदीच्या वांटणीस लावावी, ही सूचना कार्पेंटर यांनीं नेटानें मांडली.

१९२२ च्या जानेवारींत सातही राज्यांचे प्रतिनिधि एकत्र बसले. अध्यक्षस्थानीं संघसरकारतर्फे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर होते. पुढें तेच राष्ट्राध्यक्ष झाले. ओलिताच्या क्षेत्रावर वांटणी करूं जातां प्रत्येकाचा आंकडा मोठा होऊं लागला व बोलणीं खुंटलीं. जूनमध्यें लॅरामीचा निकाल आला. कोर्टांतील ही हार तहाच्या कामीं आली, कारण वरच्या राज्यांस आपली भीति आतां उघड दिसूं लागली. नोव्हेंबरांत सांता फे शहराजवळ पुन्हां बैठक भरली. राज्याराज्यांची वांटणी तूर्त बाजूस ठेवून खोऱ्याचे वरचा व खालचा असे दोन भाग करावे, असा मार्ग कार्पेंटर यांनीं सुचविला. २४ नोव्हेंबरला सह्या झाल्या. प्रत्येक भागास वर्षाला ७५ लक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारें ३२७ अब्ज घनफूट पाणी ठरलें. वरच्यांनीं कोणत्याही सलग दहा वर्षांत साडेसात कोटि एकर-फूट पाणी खालीं जाऊं द्यावयाचें. हिशेब दहा वर्षांचा असल्यामुळें एका वर्षाच्या अवर्षणानें करार मोडण्याचें कारण उरलें नाहीं.

हा तह निर्दोष मात्र नव्हता. ॲरिझोनाच्या विधिमंडळानें त्यास मान्यता दिली ती १९४४ सालीं. खोऱ्यांतील मूळच्या रहिवासी जमातींस बैठकीला बोलावलेंच नव्हतें. त्यांच्याविषयींचीं संघसरकारचीं कर्तव्यें अबाधित आहेत, एवढ्या एका वाक्यावर त्यांची बोळवण झाली. शिवाय नदीची जी मोजणी हाताशीं होती ती ओल्या वर्षांची होती. नदींत दीड कोटि एकर-फुटांहून बरेंच अधिक पाणी आहे असें सर्वांनीं धरलें. २००० सालानंतरची सरासरी सव्वा कोटीच्या आसपास उतरली. २०२१ सालीं खालच्या खोऱ्यासाठीं पहिल्यानेंच सरकारी रीतीनें टंचाई जाहीर करावी लागली.

कार्पेंटर यांनीं पुढें नेब्रास्काशीं साउथ प्लॅट नदीचा करारही १९२३ सालीं घडवून आणला. परंतु कंपवातानें त्यांस गांठलें. आयुष्याचीं अखेरचीं अनेक वर्षें अंथरुणावर काढून १९५१ सालीं ते वारले.

आपल्याकडे १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा झाला. त्यांतही, वाटाघाटीनें वाद मिटत नाहीं अशी केंद्र सरकारची खात्री झाल्यावरच लवाद नेमावा, अशी योजना आहे. कृष्णेच्या पाण्यासाठीं १९६९ सालीं लवाद नेमावा लागला, यावरून आपसांत मिटविणें किती अवघड, तें दिसून येतें. कार्पेंटर यांच्या चरित्रापासून घेण्यासारखा बोध दुहेरी आहे. पाण्याचा वाद जिंकण्यापेक्षां मिटविणें श्रेयस्कर, हा पहिला. दुसरा असा कीं, तह टिकावयाचा तर नदीचें माप खरें असलें पाहिजे, आणि तिच्या कांठीं राहणाऱ्या प्रत्येकास बैठकींत जागा मिळाली पाहिजे. पहिला धडा त्यांनीं आपल्या कर्तृत्वानें शिकविला. दुसरा त्यांच्या तहांत राहून गेलेल्या उणिवांनीं शिकविला.