जनपद

मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यात सिहोरा, पनागर, पाटण, कुंडम इथे ‘जनपद पंचायत’ असते. आपल्या पंचायत समितीची सख्खी बहीण. अध्यक्ष सदस्यच निवडतात, म्हणजे मतमोजणी संपली की खरी पळापळ सुरू!

‘जन’ म्हणजे टोळी, ‘पद’ म्हणजे पाऊल. भटक्या टोळीने पाय रोवला ती भूमी जनपद. बौद्ध ग्रंथांतल्या सोळा महाजनपदांत गोदाकाठचा अश्मकही आहे. हा जुना शब्द कारभारात आणला तो १९४८च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायद्याने. त्यामागे जबलपूरचे काँग्रेस नेते द्वारकाप्रसाद मिश्र. त्यामुळे तेव्हा त्याच प्रांतात असलेल्या नागपूर-वऱ्हाडातही जनपद सभा होत्या, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि आपल्याकडून तो शब्द गेला.